मावशींचा पगाराचा कागद

जयपूरच्या सोडाल्यात माझ्या शेजारच्या खोलीत अकोल्याच्या एक मावशी राहतात. खासगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत ‘पेशंट केअर’ला आहेत. रुग्णाची कूस बदलणे, बेडपॅन देणे, अंग पुसणे, बीपी मोजून लिहिणे, बारा तास. परवा पगाराचा कागद पुढे करून म्हणाल्या, “पोरी, हे पैसे कापतात, ते जातात कुठं?” कागदावर ना पीएफचा यूएएन, ना विम्याचा क्रमांक.

मलमूत्राचे काम जातीने आपल्या माथी मारले. आता त्याला गणवेश आणि इंग्रजी नाव मिळाले. मोल मात्र तेच.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. 1948 मध्ये राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. ही योजना लागू असलेल्या ठिकाणी 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्या कामगाराचे 0.75 टक्के कापतात आणि मालकाने 3.25 टक्के भरायचे असतात. त्यातून उपचार, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाची पगारी रजा मिळते. कामगार ठेकेदाराचा असला, तरी वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची. म्हणजे “ठेकेदाराला विचारा” हे उत्तर कायद्यात बसत नाही.

इतरांचे आजारपण काढणाऱ्या बाईला स्वतःच्या आजारपणात पगार नसावा, ही दया दाखवण्याची गोष्ट नाही. तो हक्क बुडवणे आहे.

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. या दिवाळीत गावी गेलात की आई-मावशीचा पगाराचा कागद मागून वाचा. क्रमांक नसेल तर लेखी मागा. आपल्या पदवीचा पहिला उपयोग तिथे आहे.

जय भीम.