विश्लेषण : जुन्या कारला नव्या मॉडेलचा डिजिटल मीटर बसवता येतो का? मग आधीच्या किलोमीटरचे काय होते?

जुन्या गाडीला नवी म्युझिक सिस्टीम किंवा अलॉय व्हील बसवण्याची हौस नवी नाही. आता या यादीत स्टिअरिंगमागच्या मीटरची भर पडली आहे. काट्यांचा मीटर काढून त्याजागी त्याच गाडीच्या नव्या मॉडेलचा किंवा टॉप व्हेरिएंटचा डिजिटल पडदा बसवून देणारी गॅरेज मोठ्या शहरांत आहेत. कंपनीचाच सुटा भाग असल्याने तो जागेवर चपखल बसतो आणि गाडी आतून काही वर्षांनी तरुण दिसू लागते. मात्र चोरीविरोधी यंत्रणा, सुरक्षेचे इशारे आणि गाडीच्या आजवरच्या धावेचा हिशेब याच भागाशी जोडलेला असतो. त्यामुळे मीटर बदलणाऱ्याइतकाच पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याचाही त्याच्याशी संबंध येतो.

इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणजे नेमके काय?

वेग, इंजिनाचे फेरे, इंधन, तापमान आणि धोक्याचे दिवे एकत्र दाखवणारा भाग म्हणजे इन्स्ट्रुमेंट क्लस्टर. बोलीभाषेत त्याला मीटरच म्हटले जाते. पूर्वी गिअरबॉक्समधून आलेली केबल फिरायची आणि तिच्याबरोबर स्पीडोमीटरचा काटा आणि किलोमीटरची चाके फिरायची. आताच्या क्लस्टरमध्ये प्रोसेसर आणि मेमरी असते, म्हणजे तो एक छोटा संगणकच असतो. एबीएस यंत्रणेकडून चाकांचा वेग आणि इंजिनाच्या संगणकाकडून फेऱ्यांची संख्या त्याच्याकडे संदेशांच्या रूपात येते. हे संदेश ज्या सामायिक तारांवरून धावतात त्या व्यवस्थेला ‘कॅन बस’ म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली.

जुन्या गाडीत नवा मीटर बसतो कसा?

ऑडीने २०१४ मध्ये तिसऱ्या पिढीच्या ‘टीटी’मध्ये काटे पूर्णपणे काढून १२.३ इंची पडदा दिला. पुढे हे तंत्र फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत उतरले. भारतातील उदाहरण घ्यायचे तर स्कोडा ऑक्टाव्हियाचे घेता येईल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील प्रकल्पात जुळणी होणारी तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली, तेव्हा तिच्यात काट्यांचा मीटर होता. याच पिढीच्या २०२० मधील मर्यादित संख्येच्या ‘आरएस २४५’मध्ये मात्र डिजिटल ‘व्हर्च्युअल कॉकपिट’ होते.

दोन्ही गाड्यांचा मूळ सांगाडा ‘एमक्यूबी’ हाच आहे. एकाच सांगाड्यावरच्या गाड्यांत डॅशबोर्डमधील जागा आणि कॅन बसची भाषा बरीचशी सारखी असते. त्यामुळेच अशी अदलाबदल शक्य होते. सुटा भाग परदेशातून मागवला जातो किंवा अपघातग्रस्त गाडीतून काढलेला मिळतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी हे अशा जुन्या सुट्या भागांचे ओळखीचे बाजार आहेत.

अडते कुठे?

पिढी बदलली की भाषाही बदलते. नव्या क्लस्टरला अपेक्षित असलेले संदेश जुनी गाडी पाठवतच नाही. मग नसलेल्या यंत्रणांचे दोष पडद्यावर झळकतात, तर काही जागा रिकाम्या राहतात. पडद्यावर नकाशा दिसेल या आशेने मीटर घेणाऱ्यांची अनेकदा निराशा होते, कारण नकाशा इन्फोटेनमेंट यंत्रणेकडून येतो आणि तीही तेवढीच नवी असावी लागते.

सांगाडा एकच असला तरी कोडिंग करावे लागते. डिझेल गाडीचा क्लस्टर पेट्रोल गाडीत लावला तर फेऱ्यांची लाल रेषा चुकीच्या जागी दिसते. इंधन टाकीची क्षमता आणि आतील तरंगकाचे प्रमाण जुळवले नाही तर काटा अर्धी टाकी दाखवत असताना गाडी रस्त्यात बंद पडू शकते. टायरचा घेर चुकीचा नोंदला गेला तर वेगही चुकीचा दिसतो. ब्रिटन किंवा अमेरिकेतून आलेला क्लस्टर मैलांत बोलतो, तो भागही बदलून घ्यावा लागतो.

गाडी सुरू होऊन लगेच बंद का पडते?

याचे उत्तर इमोबिलायझरमध्ये आहे. चावीतील चिप ओळखीची असेल तरच इंजिन चालू राहू देणारी ही चोरीविरोधी यंत्रणा. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत तिची माहिती क्लस्टरमध्येच साठवलेली असते. परका क्लस्टर लावला की चावी, क्लस्टर आणि इंजिनाचा संगणक यांची ओळख पटत नाही. इंजिन क्षणभर सुरू होते आणि बंद पडते. काही भाग तर मूळ गाडीशी बांधलेले असतात आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच मोकळे करता येतात. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग सहज विकले जाऊ नयेत हा त्यामागचा उद्देश. त्यामुळे ‘प्लग अँड प्ले’ या जाहिरातीतील शब्दांवर विसंबून स्वस्तात घेतलेला मीटर कपाटातच पडून राहण्याची शक्यता असते.

आधीच्या किलोमीटरचे काय होते?

खरा पेच इथे आहे. समजा, ९० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीला २० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचा क्लस्टर बसवला. पडद्यावर २० हजारच दिसणार. गाडी तीच, इंजिन तेच, पण ७० हजार किलोमीटर कागदावरून गायब. प्रामाणिक मालकाला हा आकडा पुन्हा ९० हजारांवर आणावा लागतो आणि त्यासाठी मेमरीत फेरफार करणारे उपकरण वापरावे लागते. मीटर मागे फिरवून गाडी विकणारा भामटाही तेच उपकरण वापरतो. काम एकच, हेतू उलटा. केवळ आकडा पाहून दोन्हींतला फरक खरेदीदाराला ओळखता येत नाही.

वाहन कंपन्यांनी काही बंदोबस्त केला आहे. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक कोऱ्या क्लस्टरमध्ये १०० किलोमीटर पूर्ण होण्याआधीच आणि फक्त वरच्या दिशेने आकडा भरता येतो. बीएमडब्ल्यूच्या ‘ई ३९’ पिढीसारख्या जुन्या गाड्यांत किलोमीटरची नोंद दिव्यांच्या नियंत्रकातही असते. दोन आकडे जुळले नाहीत की मीटरवर एक ठिपका दिसू लागतो. आता बऱ्याच गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स किंवा एबीएसच्या संगणकातही धावेच्या खुणा राहतात.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत मीटर बदलणे कायदेशीर आहे, मात्र नव्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल तर तो शून्यावर ठेवावा लागतो. आधीचे मैल आणि बदलाची तारीख लिहिलेली सूचना गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवावी लागते. मालकी बदलतानाही ओडोमीटरचा आकडा लेखी द्यावा लागतो. इतके असूनही तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेच्या अंदाजानुसार दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यानिशी विकल्या जातात.

जर्मनीत २००५ पासून ओडोमीटरमधील फेरफार हाच गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेल्जियममध्ये जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ हा किलोमीटरचा दाखला द्यावा लागतो. गॅरेज आणि तपासणी केंद्रे वेळोवेळी कळवत असलेल्या आकड्यांतून तो तयार होतो. ब्रिटनमध्ये वार्षिक ‘एमओटी’ तपासणीतील आकडे कोणालाही ऑनलाइन पाहता येतात.

भारतात नियम काय आहेत?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मीटरचा प्रकार या प्रमाणपत्रात नोंदलेला नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११७ मात्र गाडीला चालू स्थितीतील स्पीडोमीटर हवाच, असे सांगतो. १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांत ताशी ८० किलोमीटरला अधूनमधून आणि १२० किलोमीटरला सलग वाजणारा वेगाचा इशारा, तसेच सीटबेल्टची सूचना सक्तीची आहे. परदेशी बाजारासाठी बनलेला क्लस्टर लावल्यावर हे इशारे गप्प झाले, तर तो हौसेचा विषय राहत नाही.

किलोमीटर कमी दाखवून गाडी विकली तर भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम ३१८ चा आधार घेता येतो, परंतु तेव्हा फसवणूक सिद्ध करण्याची जबाबदारी येते. ती करायची कशी? मालकी हस्तांतराच्या अर्ज क्रमांक २९ मध्ये गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक विचारला जातो, पण गाडी किती धावली हे विचारलेच जात नाही. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत त्यांच्या ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या मालकाच्या वर्षांचे काय, हा प्रश्न उरतोच.

मीटर बदलताना आणि जुनी गाडी घेताना काय पाहावे?

मीटर बदलणाऱ्याने जुन्या मीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवावा. गॅरेजच्या बिलावर जुन्या आणि नव्या क्लस्टरचा भाग क्रमांक आणि दोन्हींवरील किलोमीटर लिहून घ्यावेत. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात आणि विमा कंपनीला बदल कळवावा. काम झाल्यावर इग्निशन चालू करून पाहावे. एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे आधी लागून मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल, तर बिघाड झाला तरी चालकाला तो कळणार नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने ‘रनिंग किती?’ एवढेच विचारून थांबू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात. शेवटच्या सर्व्हिसिंगचा आकडा आजच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. स्टिअरिंग, पेडलचे रबर आणि चालकाच्या आसनाची झीज ३० हजार किलोमीटरची वाटते की दीड लाखाची, हेही पाहावे. गाडीच्या वयाला न शोभणारा डिजिटल पडदा दिसला तर बदलाचे बिल मागायला संकोच करू नये.

अर्जात एका रकान्याची गरज

जुन्या गाडीत नवा मीटर लावणे हा गुन्हा नाही आणि तो ठरवलाही जाऊ नये. चांगली गाडी अधिक वर्षे वापरण्याचा तो एक मार्ग आहे. बंदी घातली तर हे काम बिलाशिवाय होईल आणि लबाडांचेच फावेल. गरज आहे ती नोंदीची. अर्ज क्रमांक २९ मध्ये किलोमीटरचा एक रकाना आणि ‘वाहन’ प्रणालीत मीटर बदलाची तारीखवार नोंद, एवढी सोय झाली तरी हौस म्हणून मीटर बदलणारा आणि फसवण्यासाठी बदलणारा वेगळे ओळखता येतील. घरची पहिली गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्या कुटुंबासाठी किलोमीटरचा तो आकडा लाखभर रुपयांचा फरक करू शकतो. तो खरा आहे की नाही, हे आज विकणाऱ्याच्या सचोटीवर सोडून दिलेले आहे.