गाडी ठरवताय? आधी ड्रायव्हरची झोप विचारा

श्रावण तोंडावर आलाय. भोसरी-मोशीपासून राजगुरुनगरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, भजनी मंडळांत, बचत गटांच्या बैठकीत एकच विषय सुरू आहे: सोमवारी जायचं कुठे आणि गाडी कुणाची. भीमाशंकर, कुंडेश्वर, जेजुरी. मग गणपतीची ढोलपथकं, त्यामागून नवरात्रात तुळजापूर-कोल्हापूर. पुढचे तीन महिने आपल्या पट्ट्यातल्या गाड्यांना उसंत नाही. तुम्ही इसार द्यायच्या आधी वाचावं, म्हणून हे आत्ताच लिहितोय.

11 ऑगस्ट 2025, तिसरा श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका पाईटजवळच्या कुंडेश्वराला निघाल्या होत्या. गाडी होती पिकअप, म्हणजे एरवी जिच्यातून माल बाजारात जातो ती. हौद्यात तीसहून जास्त बाया-पोरं उभी-बसलेली. चढावर गाडी दमली, मागे सरकली आणि दरीत गेली. दहा बायका त्याच दिवशी गेल्या. ज्या चाकणमधून देशभर गाड्या जातात, ते चाकण तिथून तासाभराच्या आत आहे.

पिकअप का ठरवली, हे मला कुणी सांगायला नको. गावाकडं हा हिशेब मी शंभरदा ऐकलाय. "एवढ्याशा अंतराला बस कशाला? डिझेल टाकलं की झालं." अंतर कमी, पोरगा ओळखीचा, गाडी घरची, असं एकदा मनानं घेतलं की पुढं कुणी काही विचारत नाही. तालुक्यातल्या सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि घराघरातल्या कर्त्या माणसांना हात जोडून सांगतो, दोन किलोमीटरसाठीसुद्धा मालाच्या गाडीत माणसं घालू देऊ नका. पिवळी पाटी बघून फसू नका. पिकअपलाही पिवळीच पाटी असते, पण परवाना मालाचा. अशा गाडीत बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात वीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. म्हणजे माणूस गेला तो गेलाच, वर घरच्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

शब्दाचाही एक घोळ आहे. 'टेम्पो' हा शब्द आपल्या तोंडी बसवला तो आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं. 2005 साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी सतरा सीटरला आपण टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतो. त्यामुळं माल नेणारा तो टेम्पो आणि माणसं नेणाराही टेम्पोच. मंडळातल्या कुणी "टेम्पो ठरवलाय" म्हटलं, की कुठला टेम्पो ते लगेच विचारून घ्या.

हे झालं पिकअपचं. पण जे पैसे मोजून चांगली बस करतात, त्यांच्याशी मला जास्त बोलायचंय. मी त्यांच्यातलाच. चाकणच्या कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सोसायटीत आणि भावकीत गाडी ठरवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडं. मिनी बस असो की 49 सीटर, किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, टोल-पार्किंग वेगळं की धरून, सगळं घासाघीस करून ठरवायचो. त्याचा अभिमानही होता. एका गोष्टीची चौकशी मात्र कधी केली नव्हती.

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाचं वऱ्हाड मोशीहून जुन्नरला न्यायचं होतं. ट्रॅव्हल्सवाला फोनवर म्हणाला, "काका, काळजीच करू नका. गाडी एकदम चकाचक. पुशबॅक, एसी, साउंड सिस्टीम."

"आणि ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर आहे की."

सकाळी सहाला बस दारात. समोरच्या काचेवर आम्ही वधूवरांच्या नावाचा कागद चिकटवला, झेंडूची माळ सोडली. काचेच्या आत एक पाटी होती, ती ड्रायव्हरनं उलटी करून ठेवली. मी केबिनमध्ये बसलो होतो म्हणून मला वाचता आली: सेकंड शिफ्ट, भोसरी–मोशी–चाकण. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच पेटलं नाही. उलट वाटलं, कंपनीला लागलेली बस आहे, म्हणजे चांगलीच असणार.

लग्न लागलं, जेवणं झाली, मानपान झाले. रात्री परत निघालो. मागं बायकांच्या भेंड्या रंगल्या होत्या. राजगुरुनगर यायच्या जरा आधी डाव्या चाकाखाली खडी वाजली. करकर करकर, दोन-तीन सेकंदच. बस डांबर सोडून कडेला उतरली होती. ड्रायव्हरनं दचकून स्टिअरिंग ओढलं, गाडी परत रस्त्यावर आली. मागं कुणाला कळलंही नाही, फक्त एक मामी ओरडल्या, "अरे हळू!"

मी त्याला विचारलं, झोप कधी झाली? तो बोटांवर मोजायला लागला. शुक्रवारी सेकंड शिफ्ट सोडून एक वाजता गाडी लावली. शनिवारी पाचला फर्स्ट शिफ्टचं पिकअप. दुपारी चाकणला तळेगाव चौकात तासभर अडकला. रात्री परत सेकंडची ड्रॉप. रविवारी पहाटे आमचं वऱ्हाड. "झोप म्हणजे काका, गाडीतच, मधल्या मध्ये." लातूरकडचा पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. भीत भीत म्हणाला, "मालकाला सांगू नका."

पुढच्या हॉटेलवर बस थांबवायला लावली आणि त्याला दीड तास झोपवलं. वऱ्हाड माझ्यावर चिडलं. लेकरं किरकिरत होती, एका पाहुण्यांना पहाटे ड्यूटी होती. त्या दीड तासात मी किती जणांची बोलणी खाल्ली ते विचारू नका.

आपल्या पट्ट्याचं दुखणं हे आहे. भोसरी, तळवडे, महाळुंगे, खालुंब्रे, चाकण. आठवडाभर ज्या बस कामगारांना ने-आण करतात, त्यातल्याच कितीतरी रविवारी वऱ्हाडाला आणि सहलीला येतात. त्यात बसमालकाचा लोभच असतो असं नाही. कंपनीचं बिल महिन्या-दोन महिन्यांनी निघतं, बँकेचा हप्ता थांबत नाही, रविवारचा रोकडा त्याला लागतोच. बस दोन्हीकडं चालली तर बिघडत नाही, इंजिनाला झोप लागत नसते. माणूसही तोच असला तर मात्र मरण आहे. कायदा सांगतो: ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तळेगाव चौकात कोंडीत घालवलेला तासही ड्यूटीतलाच. त्या पोराचे आठवड्याचे 48 तास आमचं वऱ्हाड बसमध्ये चढायच्या आधीच संपले होते.

आता कार्यक्रम घेणाऱ्या मंडळांना वेगळं सांगायचंय. 14 एप्रिल 2023 ला जयंतीच्या कार्यक्रमासाठी गोरेगावचं एक वादक पथक आपल्या पिंपळे गुरवला आलं होतं. मुलं वाजवून मध्यरात्रीनंतर परत निघाली. 15 एप्रिलच्या पहाटे जुन्या महामार्गावर बोरघाटात, शिंग्रोबाच्या मंदिराजवळ त्यांची बस दरीत कोसळली. तेरा जण गेले, बहुतेक कोवळी पोरं. आपण पथकाला सुपारी देतो, नारळ देतो, फेटे बांधतो, स्टेजवर बोलावून सत्कार करतो. रात्री किती वाजता निघणार, कुठल्या घाटानं जाणार, ड्रायव्हर दिवसभर कुठं होता, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. यंदा पथक बाहेरगावचं असेल, तर सुपारी ठरतानाच मुक्काम ठरवा. शाळेचा हॉल, समाजमंदिर, सतरंज्या आणि सकाळचा चहा-पोहे, एवढाच खर्च. पोरं सकाळी सातला उजेडात घाट उतरतील. आणि ड्रायव्हरला बसमध्ये डासांत ठेवू नका, पंख्याखाली झोपू द्या.

घाटाबद्दल एक. 20 डिसेंबर 2024 ला लोहगावहून महाडकडं बिरवाडीला निघालेली वऱ्हाडाची बस ताम्हिणीत उलटली, पाच जण दगावले. कोकणात उतरायचं असेल, तर त्या वाटेनं नेहमी जाणाराच ड्रायव्हर मागा. हिंजवडी-चाकण रोज चालवणं आणि ताम्हिणी उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उतारावर खालच्या गिअरात गाडी धरायची असते, नुसता ब्रेक दाबत गेलं की ब्रेक तापून हातचे जातात. "ताम्हिणी किती वेळा केलीय?" हे थेट विचारा. ज्यानं केलीय तो लगेच वळणं सांगायला लागतो. ज्यानं केली नाही तो म्हणतो, "होऊन जाईल."

बस दारात आली, की निघायच्या आधी मागचा आपत्कालीन दरवाजा स्वतःच्या हातानं उघडून बघा. 19 मार्च 2025 ला हिंजवडीत कर्मचाऱ्यांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली. ती ड्रायव्हरनंच लावली, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. पण पुढचे उतरले, मागं बसलेले चौघे जळून गेले, कारण मागचा दरवाजा उघडला नाही. तुमच्या बसमध्ये त्या दरवाजाला टेकून आचाऱ्याची पातेली, आहेराच्या पिशव्या आणि पाण्याचे बॉक्स रचलेले असतात. ते आधी हलवा. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, तेही बघून घ्या.

गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. फिटनेस, विमा, परवाना, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत कळतं. हे काम घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती आपल्यापेक्षा लवकर करते. ऐन वेळी दुसऱ्याच नंबरची गाडी आली, तर परत बघा. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं घेऊच नका, कितीही स्वस्त पडली तरी.

कंपन्यांच्या एचआर आणि ॲडमिनमधल्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. बस कंत्राटदाराकडून गाडीची कागदपत्रं तुम्ही घेताच. त्याच्याबरोबर ड्रायव्हरचा आठवड्याचा ड्यूटी तक्ताही मागा, रविवारसकट. तुमच्या सेकंड शिफ्टचा माणूस रविवारी कुणाच्या तरी वऱ्हाडात जागतो आणि सोमवारी पहाटे तुमच्याच कामगारांना आणायला येतो.

आणि खासगी गाडी परवडत नाही, म्हणून पिकअपकडं वळू नका. एसटी 'प्रासंगिक करारा'वर बस देते. पिंपरी-चिंचवडकरांनी वल्लभनगर आगारात जावं, खेडकरांनी राजगुरुनगरला. कुठून कुठं, किती वेळ, किती माणसं ते लिहून न्या, पैसे आगाऊ भरावे लागतील. श्रावणी सोमवारी बसची ओढाताण असते, तेव्हा चार दिवस आधी नाही, याच आठवड्यात जा. एका वाडीची माणसं कमी पडत असतील, तर शेजारच्या वाडीला बरोबर घ्या.

ज्यांची गाडी ठरून इसारही देऊन झालाय, त्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याला आजच फोन लावावा आणि ड्रायव्हरचं नाव विचारावं. आदल्या रात्री तो कुठली शिफ्ट सोडणार आहे, तेही विचारा. "आहे की कुणीतरी" असं उत्तर आलं, तर दुसरा ड्रायव्हर मागा, त्याचा भत्ता आपण देऊ म्हणा. माणशी फार तर पन्नासएक रुपये वाढतील.