हरळी आणि आपले पाऊल

गणपतीला वाहिली की ती दूर्वा. शेतात माजली की हरळी. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. हे बहुवर्षायू गवत आहे. जमिनीवर पसरणाऱ्या खोडांच्या पेरापेरांवर त्याला मुळे फुटतात आणि मातीखाली काशा पसरतात. उन्हाळी नांगरटीनंतर शेतकरी काशा वेचून काढतो. तरी एखादा तुकडा राहिला, तर पावसाळ्यात हरळी पुन्हा डोके वर काढते.

शेतकऱ्याला छळणारा हा चिवटपणा मैदानांना मात्र वरदान ठरला आहे. भरपूर ऊन, वारंवार कापणी आणि सतत तुडवले जाणे हे सारे ती सोसते. सावलीत तेवढी विरळ होते. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील क्रीडांगणांवर आणि बागांतील हिरवळीत तिला मान आहे.

अशा हिरवळीवर सकाळी अनवाणी चालावे, त्याने दृष्टी सुधारते, असा समज घरोघरी आढळतो. चालण्याने व्यायाम होतो आणि मनही प्रसन्न होते, हे खरे. परंतु दवावर चालून चष्म्याचा नंबर उतरत नाही.

मधुमेही वाचकांनी तर विशेष सावध राहावे. या विकारात पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन तळवे बधिर होऊ शकतात. मग गवतात दडलेला सराटा किंवा काचेचा तुकडा रुतला, तरी त्याची जाणीव होत नाही. वेदना नाही म्हणून उपचार नाहीत आणि उपचारांअभावी जखम चिघळते. रक्तपुरवठाही मंदावलेला असल्यास बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मधुमेहींनी हिरवळीवरही बंद, मऊ पादत्राणे घालूनच चालावे. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. स्वतःला दिसत नसेल, तर घरातील कोणाला तरी पाहण्यास सांगावे. लहानशी जखम आढळली तरी ती दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावी.

हरळीच्या परागकणांची काहींना ॲलर्जी असते. शिंका, डोळ्यांची खाज किंवा दमा बळावत असेल, तर अंगणातील गवत तुरे येण्यापूर्वीच कापून घ्यावे. ते काम मात्र रुग्णाने स्वतः करू नये.

हिरवळीचा आनंद जरूर घ्यावा, पण पाऊल जपून टाकावे.