ठिपका अंगणवाडीचा आहे. मूल कुठे आहे?

अंगणवाड्यांचे अक्षांश-रेखांश नोंदविले गेले, प्रत्येक केंद्र पडद्यावरचा एक ठिपका झाले, आणि त्यालाच आपण बालकल्याणातील क्रांती समजू लागलो. माझा आक्षेप ठिपक्यांना नाही. जिथे ठिपका नाही त्या जागेकडे कोणी पाहत नाही, याला आहे.

बेंगळुरूचे व्हाइटफील्ड घ्या. 1882 मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवसाहत म्हणून स्थापन झालेले हे गाव आज माहिती-तंत्रज्ञानाची पेठ आहे. तेथील काचेच्या इमारती बांधणारी आणि झाडणारी माणसे उत्तर कर्नाटकातून, बंगालमधून येतात आणि मोकळ्या भूखंडांवर पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. बांधकाम संपले की वस्ती उठते. अशा झोपडीतील चार वर्षांची मुलगी कोणत्या अंगणवाडीच्या पटावर असेल? गावी तिचे नाव असलेच, तरी ती तेथे नाही. येथे ती आहे, तर नाव नाही.

आता गणित पाहा. केंद्र शासनाचा ‘पोषण ट्रॅकर’ 2021 पासून चालू आहे. त्यातील खुजेपणाची टक्केवारी निघते ती नोंदलेल्या आणि मोजमाप झालेल्या मुलांमधून. नोंदच नसलेले मूल अंशातही नाही आणि छेदातही नाही. म्हणजे सर्वांत वंचित मुले वगळली गेली की आकडा सुधारतो! संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात ज्याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात, तोच येथे प्रगती म्हणून मिरवतो. लोकसंख्येचा आधार शोधावा तर अंगणवाडीचा निकष 400 ते 800 लोकवस्तीमागे एक केंद्र असा, आणि हाती असलेली जनगणना 2011 ची.

साधने नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. 2019 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-3 ची दृश्यक्षमता 0.25 मीटर आहे. पत्र्याचे छप्पर तिला सहज दिसते. कायद्याचा आधारही आहे. 13 डिसेंबर 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. छपरे मोजा, पायी जाऊन मुलांची खात्री करा, केंद्र उघडा. हे संशोधन नव्हे, अंमलबजावणी आहे.

मात्र नकाशावर केंद्राभोवती वर्तुळ काढून ‘सेवा पोहोचली’ म्हणण्याची खोड सोडावी लागेल. वर्तुळ रेल्वेमार्ग ओलांडते, सहापदरी रस्ता ओलांडते. तीन वर्षांचे मूल ओलांडत नाही. अंतर मोजायचे ते चालण्याच्या वाटेने.

आणि एक भय आहे, ते टाळून पुढे जाता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये याच शहराच्या पूर्व भागात, करियम्मन अग्रहार येथे मजुरांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. उच्च न्यायालयाने त्या कारवाईवर ताशेरे ओढले. झोपड्यांचा अचूक नकाशा सेविकेच्या हाती गेला तर आहार पोहोचतो, दुसऱ्या हाती गेला तर बुलडोझर. म्हणून हा नकाशा बालविकास विभागाबाहेर वापरता येणार नाही, असे बंधन आधी हवे, नकाशा नंतर.

महाराष्ट्राने 2021 मध्ये गडचिरोली, नंदुरबार, पालघर, जालना, अमरावती, चंद्रपूर या सहा जिल्ह्यांत स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली. दिशा योग्य, पण राज्याची हद्द ओलांडली की दुसऱ्या टोकालाही कोणी घेणारे हवे. त्याच वर्षी आपल्याकडच्या सेविकांनी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी ॲपमुळे वैतागून ते फोन शासनाला परत केले होते. त्यांच्या मानधनातील केंद्राचा आधार 2018 पासून महिना 4,500 रुपये. उपग्रहावर खर्च करणारे राज्य वस्तीतून पायी हिंडणाऱ्या त्या बाईला किती देते, हा प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीही विचारावा. शेवटी छपराखाली मुले किती, हे तीच सांगणार आहे.