विश्लेषण : वर्गाला वर्ग जोडणारा व्हिडिओ कॉल छोट्या शाळांच्या कामी येईल?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे करायचे काय, हा प्रश्न राज्यात अजून सुटलेला नाही. या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले, तेव्हा अशा शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे त्यासाठी पुढे करण्यात आली. विरोधकांचे म्हणणे असे, की वाडीवरची शाळा गेली की आधी मुलींचे शिक्षण सुटते. या वादात एक मार्ग फारसा चर्चेत येत नाही. मुले आपल्या गावातच राहतील, पण त्यांचा वर्ग दुसऱ्या गावातल्या वर्गाशी व्हिडिओ कॉलने जोडलेला असेल. असे प्रयोग जगात झाले आहेत, महाराष्ट्रातही झाले आहेत.

वर्ग जोडणे म्हणजे ऑनलाइन शाळा का?

नाही. करोनाकाळात मुलांनी पाहिलेली ऑनलाइन शाळा म्हणजे एक शिक्षक बोलणार आणि चाळीस मुले आपापल्या घरी मोबाइलसमोर बसणार. इथे दोन्हीकडे अख्खे वर्ग बसलेले असतात, दोन्हीकडे शिक्षक असतात आणि बोलतात मुख्यतः मुले.

याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘मिस्ट्री स्काइप’ हा खेळ. समोरचा वर्ग कुठल्या देशातला किंवा गावातला आहे हे मुलांना ठाऊक नसते. ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच उत्तर येईल, असे प्रश्न विचारून ते शोधायचे. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्या राज्याला समुद्रकिनारा आहे का? काही मुले नकाशावर बसतात, काही प्रश्न ठरवतात, एखादा उत्तरे टिपून ठेवतो. पाठ्यपुस्तकात कंटाळवाणे वाटणारे अक्षांश-रेखांश इथे अचानक उपयोगाचे ठरतात. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले, पण खेळ थांबण्याचे कारण नाही. झूम, मीट, टीम्स किंवा व्हॉट्सॲपवरही तो खेळता येतो.

महाराष्ट्रात हे कुणी केले?

सर्वांत ठळक नाव सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तेव्हा बातम्या झाल्या त्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून दिल्याच्या. त्यांच्या कामाचा दुसरा भाग मात्र मागे राहिला. शनिवार-रविवारी ते घरच्या प्रयोगशाळेतून इतर देशांतल्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या माहितीनुसार ८३ देशांतील १,४०० हून अधिक वर्गांपर्यंत ते असे पोहोचले. त्यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा ताणलेल्या संबंधांच्या देशांतील मुलांच्या जोड्या सहा आठवडे एकत्र काम करत.

दुसरे उदाहरण फलटणचे. दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत १९९९ मध्ये संगणक बसवणाऱ्या सुगत मित्रा यांनी पुढे ब्रिटनमधील स्वयंसेवकांना, त्यांत अनेक निवृत्त शिक्षक होते, स्काइपवरून भारतीय मुलांशी बोलायला लावले. ‘ग्रॅनी क्लाउड’ हे त्याचे नाव. २०१३ च्या टेड पुरस्काराच्या पैशांतून त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. आजीबाईंनी शिकवायचे नसायचे. गप्पा मारायच्या, गोष्ट सांगायची, मुलांचे कौतुक करायचे.

छोट्या शाळेला याचा उपयोग काय?

परदेशी मुलांशी बोलण्याची नवलाई दोन-तीन कॉलांत ओसरते. खरी गरज वेगळी आहे. बारा मुलांच्या शाळेत तिसरीत एकटीच मुलगी असू शकते. तिला गणितात वाद घालायला, वाचलेल्या गोष्टीवर बोलायला वर्गात जोडीदारच नसतो. शेजारच्या खोऱ्यातल्या शाळेत तिसरीची दोन मुले असतील, तर आठवड्यातून दोन तास या तिघांचा एक वर्ग होऊ शकतो.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने नेमके हेच केले. तिथेही खेड्यांतला पट घसरत होता, शाळा बंद पडण्याची भीती होती. २००२ पासून सरकारी पाठबळाने गावातल्या छोट्या शाळा व्हिडिओ कॉन्फरन्सने आणि मुलांनी एकत्र लिहिण्याच्या ऑनलाइन जागेने एकमेकींना जोडल्या गेल्या. दोन शिक्षक मिळून तासिका आखतात, एकाच इयत्तेची मुले गावाची हद्द ओलांडून गटात काम करतात. हा एखाद्या हौशी शिक्षकाचा उपक्रम राहिला नाही, तर व्यवस्थेचा भाग झाला. महाराष्ट्रात अडते ते इथेच.

आपल्याकडे भाषेची अडचणही नाही. देवगडच्या किनाऱ्यावरची मुले बोटी आणि जाळ्यांविषयी सांगतील, गडचिरोलीची मोहफुलांविषयी. दोघांची मराठी वेगळी, आणि ती ऐकणे हाही मराठीचाच तास. अमेरिकेतील मराठी शाळांशी जोडणे मोहक वाटते, पण तिथली रविवार सकाळ म्हणजे इथली रात्र.

इंटरनेट पोहोचले आहे का?

देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट असल्याचे २०२४-२५ ची ‘यूडायस प्लस’ आकडेवारी सांगते. आदल्या वर्षी हे प्रमाण ५३.९ टक्के होते. वर्गाला वर्ग जोडायचा तर प्रत्येक मुलाकडे फोन लागत नाही. एक जोडणी, एक पडदा आणि बरा माइक पुरतो. आवाजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चित्र अडखळले तरी मुले थांबतात, आवाज तुटला की गोंधळ सुरू होतो.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भारतनेटमधून ब्रॉडबँडचे आश्वासन दिले ते ग्रामीण भागातील सरकारी माध्यमिक शाळांना. कमी पटाच्या शाळा बहुतांशी प्राथमिक आहेत. म्हणजे ज्यांना जोडणीची सर्वाधिक गरज, त्या या घोषणेच्या बाहेर राहतात. तिथे आजही शिक्षकाच्या खिशातला डेटा पॅकच चालतो.

मग धोका कोणता?

पडदा आला की शिक्षकाची जागा भरायची गरज उरत नाही, असा हिशेब कुणीतरी मांडण्याचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असला तरी किमान दोन शिक्षक हवेत. एका शिक्षकाच्या खोलीत शहरातल्या स्टुडिओतून व्याख्यान सोडणे आणि दोन वर्गांनी एकमेकांशी बोलणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मुले प्रेक्षक होतात. दुसऱ्या पद्धतीत शिक्षकाचे काम उलट वाढते. त्याला समोरच्या शिक्षकाशी आधी बोलून तास आखावा लागतो, एका इयत्तेचा कॉल चालू असताना बाकीच्या इयत्तांना काम द्यावे लागते. अहवाल आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस जाणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी वेळापत्रकात अधिकृत तास मिळायला हवा.

मुलांचे चेहरे पडद्यावर जातात, हेही विसरून चालणार नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर देतो. कॉलचे चित्रण न करणे आणि त्याचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटांवर न टाकणे, एवढे तर कोणत्याही शाळेला आजपासून करता येईल.