घर लहान झाले, माप तेच राहिले



संसार काटकसरीने करावा, हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकऱ्या भाजल्या, रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत डबा धरून उभे राहिले, मुलांच्या वह्यांतील कोरी पाने शिवून पुढच्या वर्षाची वही केली, त्यांच्यापुढे बचतीचे धडे वाचणे हा आगाऊपणाच ठरेल. तेव्हा आजचा विषय बचत कशी करावी हा नाही. ती कोठे करावी आणि कोठे मुळीच करू नये, हा आहे. वार्धक्यातील घरात हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. तो प्रकृतीचा होतो.

बहुतेक घरांत एक गोष्ट नकळत घडून जाते. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातात, मुलीचे लग्न होते, आठ माणसांचे घर दोघांवर येते. परंतु घराचे माप मात्र आठांचेच राहते. तेच मोठे पातेले, तोच धान्याचा कोठा, तीच वर्षाची बेगमी. मग वाया जाते, खर्च हाताबाहेर जातो, आणि तो आवरण्यासाठी घरातील वडीलधारी व्यक्ती सर्वांत सोपी वाट धरते. ती स्वतःच्या ताटातले आणि स्वतःच्या औषधातले कमी करते. माझ्या मते खरी नासाडी मापात आहे, आणि काटछाट मात्र माणसात होते.

प्रथम धान्याचे माप पाहू. घरात दोन माणसे आहेत, दोन्ही वेळा प्रत्येकी दोन पोळ्या खातात, असे धरा. मध्यम पोळीस साधारण ३० ग्रॅम पीठ लागते. दिवसाला २४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वासात किलो. रात्री भाकरी किंवा नुसती मुगाची खिचडी होत असेल, तर त्याहूनही कमी. उन्हाळ्यात भाव बरा मिळतो म्हणून घेतलेला क्विंटलभर गहू या हिशेबाने एक वर्ष पुरून उरतो. आषाढ लागला की त्यात सोंडे होतात, मग पाखडणे, निवडणे, गच्चीवर नेऊन ऊन देणे आले. सत्तरी ओलांडलेल्या गृहिणीने गव्हाचा डबा जिन्यावरून वर न्यायचा, यात किलोमागे वाचलेल्या दोन-चार रुपयांची किंमत फार मोठी पडते. दोघांच्या घराने दोन-तीन महिन्यांचेच धान्य भरावे. तूरडाळीस एरंडेलाचा हात लावून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला, तर तेवढ्या अवधीत काही बिघडत नाही.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. धान्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही ठिकाणी सहज मिळतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि त्यावर उतारा नाही. ही वस्तू राहत्या घरात असता कामा नये. कोठ्यातील सगळा गहू टाकून द्यावा लागला तरी चालेल.

तेलाचेही तसेच. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो खरा. पण माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे, असे आहारतज्ज्ञ सांगतात. त्या मापाने दोघांना तो डबा वर्षाहून अधिक काळ पुरेल. तोवर तेलाला खवट वास येऊ लागतो. किंवा दुसरेच घडते: डबा समोर दिसतो म्हणून हात सैल सुटतो. लिटरची पिशवी महिन्याच्या पहिल्या तारखेस फोडावी आणि ती अखेरपर्यंत पुरवावी. याहून सोपे पथ्य मला ठाऊक नाही.

आता शिळ्या अन्नाविषयी. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या पिढीला पानातले टाकवत नाही, हे मी जाणतो. त्या संस्काराविषयी मला आदर आहे. परंतु घरातील उरलेले अन्न संपविण्याचे काम बहुधा आजीकडेच का येते, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. सुनेला ताजी पोळी, नातवाला गरम भात आणि आजीच्या पानात कालचे! म्हाताऱ्या शरीराची बिघडलेले अन्न सोसण्याची शक्ती कमी असते. साध्या जुलाबानेही पाणी झपाट्याने उतरते, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावे. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. त्यामुळे ‘खणखणीत फोडणी दिली आहे’ हे समाधान पुरेसे नाही. उरलेला भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात निववून, शीतकपाटात गेला पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोडणीचा भात खुशाल करावा. त्याहून बरे म्हणजे उरू न देणे. दोघांसाठी एक लहान वाटी तांदूळ मोजून घ्यावा. अंदाजाने मुठी टाकण्याची सवय आठ माणसांच्या घरातली आहे.

काटछाटीचा घाव सर्वांत आधी पडतो तो दूध, डाळ आणि अंड्यांवर. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी आमटीचे वरचे पाणी आणि भात, रात्री चहा-खारी, असा आहार अनेक ज्येष्ठांचा होऊन बसतो. वयाबरोबर स्नायू झिजतात. प्रथिने कमी पडली की ती झीज वाढते, आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. विशेष म्हणजे येथे पैसाही वाचत नाही. बिस्किटे व खारी यांवर महिन्याला जाणारी रक्कम वहीत एकदा मांडून पाहा. तेवढ्या पैशांत फुटाणे, शेंगदाण्याचे कूट, मूग-मटकीची उसळ, कपभर दही सहज बसते. दात नसतील तर फुटाण्याचे पीठ ताकात कालवावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिचे आंबील किंवा सत्त्व कोणत्याही डबाबंद महागड्या पावडरीपेक्षा स्वस्त आहे. त्या पावडरींच्या जाहिरातींविषयी मी पुन्हा केव्हातरी लिहीन. (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिनांचे माप डॉक्टरांनीच ठरवायचे.)

यापुढचा भाग शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, ही विनंती.

महिनाअखेरीस नव्या गोळ्या आणताना जुन्या पट्ट्या मोजता का? तीस गोळ्या आणल्या होत्या, रोज एक घ्यायची होती, आणि महिना संपताना नऊ उरल्या आहेत. ही शिल्लक जमेच्या बाजूला लिहायची नसते. कोणीतरी नऊ दिवस औषधावाचून काढले, एवढाच तिचा अर्थ. कधी विसरल्यामुळे, पण पुष्कळदा हेतुपुरस्सर. ‘आज बरे वाटते आहे, गोळी कशाला वाया घालवू?’ असे म्हणून गोळी दिवसाआड घेणारे, अर्धी मोडून दोन दिवस पुरविणारे ज्येष्ठ घरोघर आहेत. रक्तदाब वाढलेला असताना माणसाला काहीच जाणवत नाही, हीच त्या रोगाची कपटी तऱ्हा आहे. जाणवतो तो एकदम पक्षाघात. आणि पक्षाघाताच्या उपचाराच्या एका दिवसाच्या खर्चात त्या गोळ्या कित्येक महिने आल्या असत्या. दात कोरून पोट भरणे म्हणतात ते हेच.

गोळी मोडण्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरे असतात, ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनविलेली असते. ती मोडली किंवा कुटली तर दिवसाचे औषध एकाच वेळी रक्तात उतरते. दुसरे असे, की हृदयासाठी दिली जाणारी काही औषधे, अपस्माराच्या गोळ्या आणि स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. औषध परवडत नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यात लाज कसली? ‘याच घटकाचे स्वस्त औषध लिहून द्याल का?’ हा प्रश्न कोणताही सुज्ञ डॉक्टर वाईट मानणार नाही.

पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही छापलेले असते. ते भिंगातून का होईना, वाचावे आणि वहीत उतरवून ठेवावे. जनऔषधी केंद्रांची सरकारी योजना २००८ साली सुरू झाली. तेथे मूळ नावाने मिळणारी मधुमेहाची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची नित्याची औषधे पुष्कळदा निम्म्याहूनही कमी किमतीत येतात. महिन्याच्या खर्चात कात्री लावायची तर ती येथे लावावी, मात्र बदल डॉक्टरांना दाखवून. मूळ नाव वाचण्याचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या पिशवीत नव्या नावाची गोळी असते, घरच्या डब्यात जुन्या नावाची. दोन्ही एकच औषध. साखर उतरविणारी गोळी अशी दुप्पट पोटात गेली, तर पहाटे साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून रुग्णालयातून आल्या दिवशीच जुना आणि नवा असे दोन्ही ढीग टेबलावर मांडून नावे जुळवावीत, शंका येईल तेथे डॉक्टरांना विचारावे, आणि जे बंद केले आहे ते घराबाहेर काढावे.

आठवड्याच्या सात खणांचा डबा बाजारात मिळतो. रविवारी सकाळी तो भरण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. औषधे ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत, उष्णतेने व ओलाव्याने ती खराब होतात. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यालगत नाही आणि दारातही नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही हिशेबाच्या वहीत येत नाही. औषधाचे बिल हाती घेऊन ‘या महिन्यात पुन्हा एवढे झाले’ असे मुलगा दिवाणखान्यात सहज बोलून जातो. त्याच्या मनात काही नसते. पण आतल्या खोलीत ते ऐकू जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या उरू लागतात. बिलाची चर्चा बंद दाराआड करावी. पट्टीत गोळ्या जास्त दिसल्या, तर ‘आई, तू गोळी का नाही घेतलीस?’ असा जाब विचारू नये. ‘आई, या गोळीने तुला काही त्रास होतो का?’ असे विचारून पाहा. उत्तर निराळे मिळेल.

दिव्याच्या बाबतीतही हाच प्रकार. ‘एवढ्याशा कामाला दिवा कशाला?’ म्हणत रात्री अंधारात चाचपडत न्हाणीघराकडे जाणारे आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत. पाच वॉटचा एलईडी दिवा रात्रीचे दहा तास जळला, तर महिन्याला दीड युनिट वीज लागते. एवढ्यासाठी खुब्याचे हाड पणाला लावू नये. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर तो रात्रभर जळत राहू द्या. वीज वाचवायचीच असेल, तर दोन हजार वॉटच्या गीझरकडे पाहा. तो अर्धा तास चालला की एक युनिट होते. सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकल्या की फरक दिसू लागतो.

राहिली कागदपत्रे. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. बँकेत जाणे होत नसेल, तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन शुल्क घेऊन घरी येऊन हे काम करतो. रिक्षाचे भाडे आणि रांगेतील ताटकळणे दोन्ही वाचते. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. त्याचे कार्ड आधारवरून निघते. ते प्रकृती ठीक असतानाच काढून ठेवावे. रुग्णवाहिका दारात उभी असताना आधार कार्ड शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये. बँकेतील खाते एकट्याच्या नावावर असेल, तर जोडीदाराचे नाव त्यात घालावे आणि वारसाची नोंद झाली आहे ना, हे पासबुकात पाहून घ्यावे. साडीच्या घडीत आणि डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटांचे काय होते, ते २०१६ च्या नोव्हेंबरात अनेक आज्यांनी अनुभवले आहे. तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हे सारे एका जाड पुठ्ठ्याच्या फायलीत असावे आणि ती कोठे आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. फायलीतील पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरांत पुढील गोष्टी लिहाव्यात: नाव, वय, रक्तगट, जुने विकार, चालू औषधांची मूळ नावे, कोणत्या औषधाचे वावडे आहे ते, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि जवळच्या नातलगाचा दूरध्वनी क्रमांक. या कागदाची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी, वर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लाल शाईने लिहावा, आणि औषध बदलले की त्याच दिवशी जुना कागद काढून नवा लावावा.