उरलेल्या ऑइलचा हिशेब

आमच्या ताईला सात माणसं बसतील अशी जुनी गाडी घ्यायची आहे. हे तिने घरच्या ग्रुपवर लिहायला नको होतं. सोमवारी सकाळी तिने विचारलं, दुपारपर्यंत सगळ्यांची मतं पडली आणि रात्री दोन मेहुण्यांचं आपसात बोलणं बंद झालं.

थोरल्यांचं मत क्वालिस. ती २००० साली आली आणि २००५ मध्ये, चांगली खपत असताना, कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. तेव्हापासून थोरले मेहुणे क्वालिसबद्दल घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखं बोलतात. धाकट्यांचं म्हणणं बोलेरो घ्या, कुठल्याही गावात झाडाखालचा मेकॅनिक ती खोलून परत जोडून देतो. आत्याने मध्येच वॅगनआर सुचवली. तिच्यात सात माणसं बसत नाहीत, असं कुणीतरी लिहिलं. ‘आम्ही बसलोय,’ असं आत्याचं उत्तर आलं.

आमच्या घराण्याची गाडी पारखायची रीत मला आता पाठ झाली आहे. गाडी किती वेळा बिघडली याला काडीची किंमत नाही, कुणासमोर बिघडली ते महत्त्वाचं. दर दोन महिन्यांनी गॅरेजला जाऊन गुपचूप पैसे खाऊन येणारी गाडी ‘एकदम भरवशाची’. आणि वर्षानुवर्षं पैशाची तोशीस न देणारी गाडी खंबाटकीच्या चढाला, मागे अख्खं वऱ्हाड असताना, बॉनेटमधून वाफ सोडत उभी राहिली की तिचा निकाल तिथेच लागला. रेडिएटरमध्ये पाणी होतं का, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या अशा एका गाडीची बदनामी इतकी पक्की होती की ती विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला चहा देता देता घरच्यांनीच तो किस्सा रंगवून सांगितला. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं.

आणि क्वालिसचं एवढं कौतुक चाललंय, तर ती चालवायचं कोण? थोरल्यांकडे तेव्हा जो ड्रायव्हर होता तो रोज सकाळी डिपस्टिक काढून, फडक्याने पुसून, पुन्हा घालून पाहायचा आणि मगच चावी फिरवायचा. त्याच्या हाती दिलेली कुठलीही गाडी भरवशाची निघाली असती, असं मी लिहिलं. तेवढी एक डिपस्टिक बोलून मी फसलो, कारण लगेच काका आले.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना काका ठाऊक आहेत. टायरच्या हवेवर मी लिहिलं तेव्हा चार पानी खुलासा पाठवणारे तेच. काकांची श्रद्धा ‘वीस-पन्नास’वर, म्हणजे २०डब्ल्यू-५० ऑइलवर. हल्लीचं ०डब्ल्यू-२० म्हणजे त्यांच्या मते पाणी, आणि पाण्याला एवढे पैसे कोण देतो?

आता थोडी माहिती, मग पुन्हा काकांकडे येऊ. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंशांना तापलेल्या ऑइलचा. ०डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे ३५ अंशांना घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपल्याकडे पेपरात फोटो येतो, तेव्हा काकांचा ‘आपल्याला कशाला?’ हा सवाल वरवर बिनतोड आहे. पण सकाळी स्टार्टर मारल्यावर पातळ ऑइल सांगलीच्या हवेतही लवकर वर चढतं, आणि नव्या इंजिनांतल्या फटी त्याच अंदाजाने बारीक ठेवलेल्या असतात. मोटरसायकलची तऱ्हा वेगळी. तिथे क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ बघायचं. कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो. कुठल्या गाडीला कुठलं ऑइल, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक आमच्या सगळ्या गाड्यांत डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, पूजेच्या दिवशीच्या अक्षतांसकट कोरं करकरीत आहे.

मला स्वतःला सतावतं ते कॅनच्या तळाशी उरलेलं ऑइल. इंजिनात मावतं तीन लिटरच्या आसपास, कॅन साडेतीनचा. बिल अख्ख्या कॅनचं. या आठवड्यात गॅरेजमध्ये मी ‘उरलेलं द्या’ म्हटलं, तर मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, आणि पोराने कॅन बाकड्यामागून काढून दिला. तो बाकड्यामागे कशाला गेला होता, हे विचारायचं नसतं. रिकामा कॅनही गॅरेजवाले सुखासुखी देत नाहीत. आडवा कापला की नटबोल्ट धुवायचा ट्रे होतो, तिरका कापला की नरसाळं. आणि धड कॅन भंगारात गेला तर त्यात नकली ऑइल भरून तो परत बाजारात यायची भीती. म्हणून काका रिकाम्या कॅनला स्वतः स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडतात आणि मगच गॅरेज सोडतात.

उरलेलं ऑइल मात्र ते घरी आणतात. माळ्यावर त्यांची रांग आहे, प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात गाडीचं नाव. मारुती ८००, इंडिका, पुन्हा मारुती. गाड्या केव्हाच विकल्या गेल्या. फाटकाच्या बिजागऱ्या, दुकानाचं शटर, सायकलची चेन एवढं करूनही साठा हलत नाही. आईच्या शिलाई मशीनकडे त्यांनी एकदा बाटली नेली होती, पण आईने त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गटारात ओतायचं नाही हे त्यांना पटतं. कुणाला द्यायचं हे पटत नाही.

ही सवय चेतक स्कूटरच्या दिवसांतली. तेव्हा पंपावर पेट्रोलबरोबर टूटी ऑइल घ्यावं लागे. पंपावरचा माणूस दांडा ओढून ते मापाने सोडी आणि काका शेवटचा थेंब गळेपर्यंत नळीवरची नजर हलवत नसत. मागे स्कूटरवाल्यांचे हॉर्न वाजत.

परवा पुतण्याने नवी चेतक आणली, विजेवरची. काकांनी ती तीन बाजूंनी पाहिली, सीट वर करून खाली वाकून पाहिलं, आणि ऑइल कुठं घालायचं ते विचारलं. पुतण्या म्हणाला, काका, हिला इंजिनच नाही, ऑइल कुठलं?

“म्हणजे सर्व्हिसिंगला जायचं,” काका म्हणाले, “आणि रिकाम्या हाताने परत यायचं?”